पुढं व्हा

संपतच्या सणसवाडीच्या कंपनीनं मशिनींच्या दुरुस्तीसाठी तीन दिवसांचा शटडाऊन काढला, तेव्हा धनश्रीनं लग्नाच्या सहा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडं काहीतरी मागितलं. कुठंतरी जाऊ या म्हणाली. देवाला नको, पाहुण्यांकडं नको, नुसतं बघायला जाऊ. यवतच्या ज्या दुकानात ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची, तिथल्या भिंतीवर गोलघुमटाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. वर्षभर बघून बघून तो घुमट तिला माहेरच्या माणसासारखा ओळखीचा झाला होता. विजापूर, आदिलशाहीची राजधानी, आणि दौंडला गाडीत बसलं की थेट तिथंच उतरायचं. संपत लगेच हो म्हणाला. बायको सहा वर्षांत एकदा मागते आणि त्यातही सोनं मागत नाही, तर नाही कोण म्हणेल?

तिच्या मनातल्या चित्रात तिघंच होती. ती, संपत आणि चार वर्षांची ईश्वरी, जिला घरात सगळे इसू म्हणत. चौथं माणूस घातलं ते सासऱ्यांनी. तात्याबा राहू गावच्या घराच्या ओट्यावर बसून म्हणाले, "हिलाबी न्या की. जलमभर हिंडल्यालं मानूस, पंधरा वर्सं झाली एका जाग्याला बसलंय." ही म्हणजे तानुबाई, धनश्रीची सासू. धनश्री सासऱ्यांना मामा म्हणायची आणि सासूला आत्या. मामांच्या शब्दापुढं बोलायची सोय नव्हती. तिनं चेहरा हसरा ठेवला आणि चार चपात्या जास्त लाटल्या.

हे घराणं मूळचं मेंढरांमागं हिंडणारं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि कोकणाची वाट धरायची, पाऊस तोंडावर आला की माघारी. संपत दहावीला गेला त्या वर्षी तात्याबांनी मेंढरं विकली, ऊस लावला आणि हिंडणं संपलं. जिवाला बरं वाटावं म्हणून पाच मेंढरं तेवढी दारात ठेवली. धनश्री आली ती त्यानंतर, शिरूरच्या शाळेत शिकलेली. तिला मेंढरू म्हणजे अंगणातल्या लेंड्या, एवढंच ठाऊक. सासू जुन्या वाटांच्या गोष्टी सांगायला लागली की ही मोबाइल उघडायची. ऐकल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं.

आत्या अलीकडं जरा विसरायला लागली होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं. मधूनच ती धनश्रीला धुरपदा म्हणून हाक मारायची, आणि धुरपदा ही तिची बहीण जाऊन वीस वर्षं झाली होती. यवतच्या डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं. वयाचं आहे म्हटलं की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण मग कुणाला काही करावं लागत नाही.

विजापुरात उतरल्यावर त्यांनी दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवली. रिक्षावाला अकबर नावाचा, पन्नाशीचा, गळ्यात मफलर. तिथल्या धाटणीचं हिंदी बोलायचा, अर्धं हसत आणि अर्धं गात. सकाळी गोलघुमट झाला. वरच्या गॅलरीत संपतनं हाळी दिली, ती सात वेळा फिरून आली. इसूनं टाळ्या पिटल्या. आत्या मात्र भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, येवढी मानसं हाका मारत्यात, त्यांना जबाब कुनी द्यायचा?

पुढं जिथं जिथं गेले तिथं तिचा एकच प्रश्न. हितं पाणी कुठलं? इब्राहिम रोझ्याला नक्षी बघायला लोक माना उंच करून फिरत होते, आणि ही जमिनीकडं बघत. जागा चांगली हाय पर वाऱ्याची हाय, असा निकाल तिनं दिला. शेजारच्या पाहुण्यांनी मागं वळून पाहिलं, तशी धनश्री शरमेनं अर्धी झाली. सहा वर्षांनी एक सहल, आणि तीही सासूची मेंढरं हाकत करायची. तिच्या मनात असंच आलं, आणि ते आल्याचं तिला पुढं फार दिवस सलणार होतं.

दुपारी उपली बुरूज. हा एक उंच एकटा बुरूज, बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि माथ्यावर लांबलचक तोफा. इसू पेंगुळली होती, कडेवरून उतरत नव्हती. धनश्रीला वर संपतबरोबर एक फोटो हवा होता, दोघांचाच. मामांना दाखवायचा नव्हता, ग्रुपवर टाकायचा नव्हता, नुसता ठेवायचा होता. तिनं इसूला सासूच्या कडेवर दिलं, फाटकाजवळच्या रसाच्या गाड्याकडं हात केला आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही हिला घेऊन पुढं व्हा. आम्ही आलोच मागनं."

आत्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. "मागनं येताय न्हवं नक्की?"

"हो, आलोच."

म्हातारीनं पदर कमरेला खोचला, नात सावरली आणि चालायला लागली. ती चालताना दहा वर्षांनी लहान दिसली. धनश्रीच्या ते डोळ्यांत भरलं, पण तिला सुटल्याचाच आनंद जास्त होता. वर गेल्यावर वारा, तोफा, खाली पसरलेलं शहर. फोटोत कधी तिचे डोळे मिटायचे, कधी संपतचा अंगठा यायचा. वीस मिनिटं गेली असतील.

दोघं खाली आले तेव्हा रसाच्या गाड्यापाशी कुणी नव्हतं.

आधी वाटलं, सावलीला बसली असेल. मग वाटलं, बाथरूमला गेली असेल. अकबर रिक्षात डोळे मिटून पडला होता, त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं. रसवाला कानडीत काहीतरी बोलला आणि हात हलवले. दहा मिनिटांनी धनश्री बुरुजाभोवती पळत फिरली. वीस मिनिटांनी तिच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याचा मोबाइल संपतच्या पाठीवरच्या बॅगेत होता. तिनं हाक मारली तर पोचणार नव्हती आणि वाट विचारली तर कुणाला तिची भाषा कळणार नव्हती. बुरुजाचा राखणदार भला माणूस निघाला. त्यानं संपतला आपल्या मोटरसायकलवर बसवून पोलीस ठाण्यावर नेलं. अकबर आजूबाजूच्या गल्ल्या बघायला गेला. धनश्रीनं फाटकाशीच थांबायचं ठरलं, न जाणो त्या परत आल्या तर.

थांबणं हे फार वाईट काम. पळणाऱ्याला निदान दम लागतो, थांबणाऱ्याला सगळं दिसायला लागतं. तिला विहिरी दिसायला लागल्या. हे शहरच पाण्याचं, जुन्या बावड्या नि तळी जागोजाग, सकाळपासून अकबर कौतुकानं दाखवत होता. ट्रक दिसायला लागले. आणि मग तो व्हिडिओ आठवला. गेल्या महिन्यात गावच्या बायकांच्या ग्रुपवर फिरला होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, म्हाताऱ्या बायकांच्या वेशात फिरते, पोरं सांभाळा. खरं की खोटं ते न बघता धनश्रीनं तो आणखी चार ग्रुपांवर पाठवला होता, वर हात जोडलेलं चित्र टाकून. आता तिला वाटलं, त्या टोळीनंच आपली इसू उचलली. आत्याला काय, कुणीही गोड बोललं की ती कडेवरचं पोर देऊन टाकेल.

संपतचा फोन आला. पोलिसांनी फोटो घेतला होता, नाव लिहून घेतलं होतं, माणसं पाठवत होते. संपत म्हणाला, घरी तात्याबांना काही सांगू नकोस. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता.

फोन ठेवल्यावर तिनं तात्याबांनाच लावला. का लावला ते तिला सांगता आलं नसतं. त्यांनी विश्वासानं बायको आपल्या हवाली केली होती आणि ती आपण हरवली, हे लपवून उभं राहण्याचं बळ तिच्यात नव्हतं. पलीकडं कोंबडा ओरडत होता, उसाला पाणी चालू असल्याचा मोटारीचा आवाज येत होता. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. तात्याबा ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. मग म्हणाले, "रडू नगं. निघताना तिला काय म्हनलीस? शब्दाला शब्द सांग."

"काय म्हणणार मामा? म्हटलं, पुढं व्हा. आम्ही आलोच मागनं."

पलीकडं तात्याबांनी मोटार बंद केली.

"मग ती चुकली न्हाई," तात्याबा म्हणाले. "ती पुढं गेलीया."

धनश्रीला कळेना. मग त्यांनी सांगितलं, सावकाश, लहान पोराला सांगावं तसं. हिंडतीच्या दिवसांत पुरुष मेंढरांमागं राहायचे आणि बायका बिऱ्हाड घेऊन पुढं जायच्या. पुढं व्हा म्हटलं म्हणजे चार पावलं नव्हे, पुढचा मुक्काम. तीन कोस, पाच कोस. बाईनं पाणी बघायचं, आडोसा बघायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि मेंढरं येईपर्यंत जागा सोडायची नाही. पंचवीस वर्षं तानुबाईनं हेच केलं. ज्या शब्दावर ती उठायची, तोच शब्द सुनेनं आज उच्चारला.

"मामा, पण आता कुठं शोधू?"

"मागच्यांस्नी कळावं म्हनून ती खून ठिवती. दोन वाटा फुटल्या की नगं त्या वाटंवर डहाळी आडवी टाकायची, वर खडा. तू मोकळ्या वाटंनं जायाचं. आन् पोरी, ही वाट पाण्याकडंच जाईल बघ."

फाटकाबाहेर पन्नास पावलांवर रस्ता फुटत होता. डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाची एक हिरवी डहाळी आडवी पडली होती आणि तिच्यावर मुठीएवढा खडा होता. गेल्या तासाभरात धनश्री ती दोनदा ओलांडून गेली होती.

अकबर परत आला तेव्हा ती रस्त्यावर वाकून बघत चालली होती. त्याला वाटलं बाई कामातून गेली. तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं, तशी त्यानं मफलर सोडून पुन्हा गुंडाळला आणि तो रिक्षा तिच्या मागं पावलागणिक हळू हळू चालवायला लागला. संपतला तिनं फोन करून मागं मागं यायला सांगितलं. पुढच्या चौकात काही नव्हतं. ती आणखी खाली वाकली. मग दिसलं, डांबरावर गाड्यांच्या चाकांखाली चिरडून सपाट झालेला पाला, खडा उडून गटारापाशी. उजवी वाट बंद. सरळ चला. पुढं एका मशिदीच्या कोपऱ्यावर चिंचेची फांदी. पुढं कापसाच्या गोदामापाशी, डहाळी मिळाली नसावी, म्हणून झाडूचा तुटका हीर ठेवलेला, पण खडा मात्र नेमका वर. इतक्या मोठ्या शहरात हजारो माणसं त्या खुणांवरून चालून गेली होती आणि त्या फक्त आपल्यासाठी होत्या, हे कळलं तेव्हा धनश्रीला भीतीच्या आतून आणखी काहीतरी दाटून आलं. पण ते निवांत वाटून घ्यायला वेळ नव्हता, ऊन कलायला लागलं होतं.

जुना कोट लागला. तटाला पडलेल्या एका खिंडारातून पायवाट बाहेर जात होती. आडवं काही नव्हतं, म्हणजे हीच. रिक्षा तिथं जाईना, अकबर उतरून बरोबर निघाला. बाहेर माळ, बाभळी आणि पलीकडं दगडी काठाचं एक जुनं तळं, पाणी हिरवं. आणि तळ्याच्या काठी माणसांचा घोळका.

घोळका बघितल्यावर धनश्रीची पावलं हळू झाली. पाण्याकाठी घोळका कशाला जमतो ते कुणालाही माहीत असतं. तिला पुढं जायचं होतं आणि पुढं जायचं नव्हतं. अकबर कान देऊन ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. त्यानं तिचा दंड धरून तिला थांबवलं आणि म्हणाला, "भाभी, वो लोगां बच्चे उठानेवाली बोल रैं. संभल के."

ती माणसं ढकलत आत घुसली.

बाभळीच्या बुंध्याला टेकून आत्या उभी होती. हातात बाभळीचा ओला फोक, काट्यांसकट. एका मनगटातली बांगडी फुटून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. समोर पंधरावीस माणसं, त्यातल्या पाचसहांचे मोबाइल वर. एक जाडजूड बाई, बहुतेक तळ्यावर धुणं धुणारी, हात पसरून मध्ये उभी होती आणि पुढं सरकणाऱ्या पोरांवर खेकसत होती. ती नसती तर काय झालं असतं ते धनश्रीनं नंतरही कधी मनात पुरं होऊ दिलं नाही. आणि बुंध्यापाशी इसू. तिच्या कमरेला लुगड्याच्या काठाची पट्टी बांधलेली, पट्टीचं दुसरं टोक झाडाला. म्हातारीनं पोर झाडाला बांधून ठेवलं आहे, एवढंच लोकांना दिसत होतं. कोण म्हणेल ही आजी?

धनश्रीलाही क्षणभर तेच दिसलं. मग तिची नजर पट्टीवरून पाण्याकडं गेली. पट्टी इतकीच लांब होती की पोर झाडाभोवती फिरू शकेल, पण काठ तिला गाठता येणार नाही. आणि इसू मजेत होती. तिच्यापुढं तीन दगड मांडलेले होते आणि त्यात ती पाला घालत होती. माणसांचा गलका वाढला तेव्हा ती घाबरली असावी, गालांवर सुकलेले ओघळ होते, पण आईला बघून ती आधी तक्रारच करून मोकळी झाली. आज्जीनं चूल केली आणि तू लवकर आलीच नाहीस.

धनश्रीनं तिला छातीशी धरलं. गाठ सुटेना. लोक चारी बाजूंनी विचारत होते, कानडीतून, हिंदीतून. ही कोण? पोरगी कुणाची? हिनं बांधलं का? एका पोरानं आधी काढलेला व्हिडिओ दाखवत मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. त्या पडद्यात तिला आपली सासू दिसली, केस सुटलेले, हातात काटेरी फोक, डोळे वटारलेले. अगदी त्या व्हिडिओतल्या बाईसारखी. असलंच चित्र तिनं हात जोडून चार ठिकाणी धाडलं होतं. ती बाईही कुणाची आत्या असेल, असं तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं.

"ही माझी सासू आहे," ती म्हणाली. आवाज फुटत होता, म्हणून पुन्हा म्हणाली. "माझी सासू. पोरगी माझी. यांना मीच सांगितलं पुढं जायला. मीच पाठवलं."

अकबरनं ते कानडीत मोठ्यानं सांगितलं. तिनं आपल्या मोबाइलमधले सकाळचे फोटो दाखवले, घुमटापाशी चौघं. काही मोबाइल खाली आले. काही आले नाहीत.

आत्यानं फोक खाली केला. सुनेकडं बघून तिचा चेहरा सैल झाला. "आलीस? लय येळ लावलास," ती म्हणाली. मग धनश्रीच्या खांद्यावरून मागं, रिकाम्या माळाकडं बघत तिनं विचारलं, "मेंढरं कुठं हायती?"

पोर सापडलं होतं. धनश्रीची एक भीती आता कुठं विरत होती, आणि तेवढ्यात दुसरी आली, पहिलीपेक्षा थंड. तिला वाटलं होतं आत्या एक शब्द चुकीचा समजली. आत्या शब्दच नव्हे, अख्खी पंधरा वर्षं ओलांडून गेली होती. हरवलं होतं ते पोर नव्हतंच. मीठ दोनदा पडत होतं तेव्हापासून हे चाललं होतं आणि आपण वयाचं म्हणून सोडून दिलं. सगळे बघत होते. कसली मेंढरं आत्या, असं ती म्हणाली असती तर म्हातारी त्या माणसांत एकटी पडली असती.

"येत्यात आत्या," ती म्हणाली. "मागनंच हायत." सासरची बोली तिच्या तोंडी अशी कधी आली नव्हती.

"मग बस हितंच. मेंढरं आल्याबिगर जागा सोडायची नसती."

आणि ती खरंच खाली बसली. धनश्रीनं विनवलं, हात धरला. ती हलेना. लोकांत पुन्हा कुजबुज सुरू झाली. तुमची आहे तर तुमच्याबरोबर येत का नाही? ज्या पोराचा मोबाइल अजून वर होता तो दोन पावलं पुढं आला. धुणं धुणाऱ्या बाईचाही चेहरा आता साशंक झाला. संपत अजून पोचला नव्हता. अकबर खालच्या आवाजात म्हणाला, जल्दी करो भाभी. धनश्रीनं राहूला मामांना फोन लावला आणि आत्या काय म्हणते ते सांगितलं.

तात्याबांनी काही विचारलं नाही. "फोन इस्पीकरवर टाक आन् तिच्या कानापाशी धर. जरा दम काढ."

पावलांचा आवाज आला. फाटकाची कडी वाजली. मग तात्याबांनी हाळी दिली, घशातून, लांबवर, "हुर्रर्र हाऽ", आणि पाठोपाठ मेंढरं ओरडायला लागली. होती पाचच, पण फोनमधून पन्नास वाटत होती. मध्येच एका कोकराचा बारीक आवाज. विजापूरच्या तळ्याकाठी, आदिलशहाच्या तटाखाली, राहूच्या अंगणातली मेंढरं ओरडत राहिली आणि बाकी सगळं गप्प झालं.

घोळक्याच्या मागं खांद्यावर काळं घोंगडं टाकलेला एक म्हातारा उभा होता. तो हसला. पुढं येऊन त्यानं तीन दगड बघितले, पट्टीची गाठ बोटानं चाचपली आणि लोकांना कानडीत चार वाक्यं सांगितली. अकबरनं तिला सांगितलं, हा पण मेंढ्यावाला आहे, म्हणतो आमच्या बायका पण पाण्यापाशी पोरं अशीच बांधतात, ही कोकराची गाठ आहे. शेवटचा मोबाइल खाली आला.

"आलो गं," फोनमधून तात्याबा म्हणाले. "समदी आली, एकबी मागं न्हाई. पर मुक्काम हलवायचा हाय. आता सुनंच्या मागनं ये."

आत्यानं एक सुस्कारा सोडला. मग उठली, गाठीचं एक टोक ओढलं आणि धनश्रीला न सुटलेली गाठ एका झटक्यात सुटली. तिनं तीन दगड पायानं विस्कटले. मुक्काम मोडला म्हणजे चूल तशीच ठेवायची नसते, हे धनश्रीला त्या दिवशी कळलं.

खिंडारापाशी संपत पळत आला आणि आईच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. आत्या त्याला विचारत होती, घोडं बांधलंस का. रिक्षाच्या मागच्या बाजूला उभं राहून धनश्रीनं मामांशी पुन्हा बोलून घेतलं. तेव्हा ते म्हणाले की चार महिने झाले, ती पहाटेची उठून भांडी पोत्यात भरते, निघायचं म्हणते. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हिंडून आली तर जीव निवेल, असं त्यांना वाटलं होतं. "चुकलं माझं," असं तो माणूस सुनेला म्हणाला. ती म्हणाली, मेंढरांना आज वैरण जास्त घाला.

स्टेशनवर सोडताना अकबर इसूच्या हातात चिक्की देऊन गेला. गाडीला अवकाश होता. बाकावर आत्या मधोमध बसली, तिच्या मनगटाला धनश्रीनं रुमाल बांधला होता. ती आता शांत होती, इसूला पाणी पाजत होती, धनश्रीला धनश्रीच म्हणत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं की काही झालंच नाही. भुलवतं ते हेच, धनश्रीला वाटलं. ती सासूवरची नजर हलवायला तयार नव्हती.

गाडी लागली. लोक उठले, पळापळ सुरू झाली. संपतनं दोन्ही बॅगा उचलल्या, पाण्याची बाटली काखेत धरली आणि सवयीनं म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच मागनं."

तोंडातून शब्द गेला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. आत्यानं पदर कमरेला खोचला. इसूला कडेवर घेतलं. ती उभी राहिली आणि गर्दीत डाव्या अंगाला, गाडीकडं नव्हे, जिन्याकडं वळली.

धनश्रीनं तिचा हात पकडला, इतका घट्ट की रुमालाखालची जखम पुन्हा ओली झाली.

"न्हाई आत्या," ती म्हणाली. "आता पुढं न्हाई जायाचं. संगं जायाचं."

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. ओळखल्यासारखं हसली. "बरं, धुरपदा," ती म्हणाली आणि तिच्याबरोबर चालायला लागली.